बुटक्या घरातली डिफेन्सवाली

आमच्या घरात सगळे बुटके. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी आमची मापं काढायला नको. वरच्या कप्प्यातला डबा काढायला मी स्टूल घेते. नवरा स्टूल घेत नाही, टाचा उंच करतो आणि डबा डोक्यावर पाडून घेतो. नागपूरला माझ्या माहेरी आणि पुण्याला सासरी, कुठल्याही लग्नाचा फोटो काढा, आमची माणसं पुढच्या रांगेत. त्याचं आम्हाला कधी काही वाटलं नाही. वाटायला लावलं ते इथे अमेरिकेत, पार्सिपनीजवळच्या एका रिंकमध्ये, बर्फाच्या मैदानाच्या वरच्या मजल्यावरच्या छोट्याशा ऑफिसात, एका कोचनं. त्यानं मला अगदी गोड आवाजात विचारलं, "तुमच्या घराण्यात कुणी उंच आहे का हो?"

प्रश्न माझ्या लेकीसाठी होता. ती तेव्हा तेरा वर्षांची होती आणि आइस हॉकी खेळायची. अजून खेळते. डिफेन्सला. म्हणजे समोरच्या टीमची पोरगी ती काळी रबराची चकती, पक म्हणतात तिला, काठीच्या टोकावर घेऊन आपल्या गोलकडे सुसाट निघाली की तिला आडवं जायचं. तेही उलटं. तोंड तिच्याकडे, पाय मागे मागे, आणि खाली निसरडा बर्फ. मला तर रिंकच्या पायऱ्या उतरतानाही कठडा लागतो.

इथल्या मराठी मंडळात हे सांगितलं की लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. आधी म्हणतात, "अरे वा, हॉकी!" मग बर्फावरची म्हटलं की गप्प. एक काकू आहेत, इथे वर्षानुवर्षं डॉक्टरकी करून आता रिटायर झाल्यात. त्यांनी गणपतीत मला बाजूला घेऊन विचारलं, "अगं, मुलगी आहे ती. दातबित पडले म्हणजे?" मी म्हटलं, "काकू, तोंडाला जाळी असते. तुमचा नातू बिनजाळीचा सॉकर खेळतो, त्याचे दोन पडलेच ना?" काकू हसल्या, आणि पुढच्या गणपतीत परत तेच विचारलं. त्यांच्या मते मी पोरीला भरतनाट्यमला घालायला हवं होतं. घातलं होतं बाप्पा! दोन महिन्यांत तिच्या गुरूंनीच हात जोडले.

बर्फावर ती पहिल्यांदा उतरली ती वर्गातल्या एका मुलीच्या वाढदिवसाला. बाकीच्या पोरी कठडा धरून सरकत होत्या. ही मधोमध गेली, धाडकन पडली आणि हसायलाच लागली. उठली, परत पडली. पार्टी संपली, केक कापून झाला, तरी बाई बाहेर यायला तयार नाही. त्या दिवसापासून आमचे शनिवार रिंकचे झाले. बाहेर एप्रिलमध्ये चेरीची झाडं फुललेली असतात आणि मी आत जाडजूड पार्का कोट घालून, आल्याच्या चहाचा थर्मास मांडीवर घेऊन कुडकुडत बसते.

आता काय पणाला लागलं होतं ते सांगते. तिच्या वयाच्या मुलींच्या क्लबमध्ये दोन टीम होत्या. ए आणि बी. ए टीम लांबलांबच्या शहरांत जाऊन तगड्या क्लबांशी खेळायची. मोठ्या शाळांचे कोच तिथेच बघायला यायचे. बी टीम आसपासच खेळायची. माझी लेक बीमध्ये होती आणि तिला एमध्ये जायचं होतं. इतकं जायचं होतं की ती उन्हाळ्यात गॅरेजमध्ये प्लास्टिकच्या पट्ट्यावर पक मारत बसायची आणि आमच्या वॉशिंग मशीनला अजून पोचे आहेत. त्या वसंतात ए टीममध्ये डिफेन्सची एकच जागा उरली. आणि तिच्यासाठी मुलीही दोनच उरल्या. एक माझी. दुसरी तिची जिवलग मैत्रीण.

ही मैत्रीण गोरी, लांबसडक. तेराव्या वर्षीच माझ्यापेक्षा वीतभर उंच. तिची आई आणि मी आळीपाळीनं दोघींना रिंकवर सोडायचो. माझी लेक मला आई म्हणते, म्हणून तीही पहिल्या दिवसापासून आईच म्हणते. "हाय आई!" करून गाडीत शिरायची आणि सीटबेल्ट लावायच्या आधी विचारायची, आज डब्यात काय? माझी थालिपीठं तिनं जितकी खाल्लीत तितकी माझ्या सख्ख्या लेकीनं खाल्ली नसतील. तेव्हा तिच्याबद्दल मनात काही वाकडं ठेवून मी हे सांगत नाही. पण खरं ते खरं.

इतकी वर्षं काचेमागे बसून मलाही खेळ कळायला लागला होता. दोघींची तुलना मी मनातल्या मनात हजारदा केली असेल. उंच पोरगी दोन ढांगा टाकायची आणि अर्धा रिंक पार. तिचा फटका असा की पक रिंकच्या कडेच्या फळीवर आदळला की माझा चहा हिंदकळायचा. पण पक तिच्याकडे आला की ती खाली बघायची. आधी पक, मग समोर, मग विचार, मग पास. तोवर समोरची पोरगी अंगावर. माझ्या लेकीच्या ढांगा छोट्या, फटका म्हणाल तर फुसका. पण ती खाली बघतच नाही. पक येण्याआधीच तिला ठाऊक असतं तो कुठे द्यायचा. उलटं पळताना ती अशी वळते की मागे डोळे असल्यासारखं वाटतं. आणि समोरच्या पोरीच्या काठीतून पक काढून घेताना धक्का नाही, बुक्का नाही. मंडईत एखादी बाई गर्दीतून बरोबर ताजी मेथीची जुडी उचलते ना, तसं. त्या पोरीला चार पावलं गेल्यावर कळतं की आपल्याकडे काही नाही.

निवड चाचणी झाली. क्लबची पद्धत अशी की निकाल लावण्याआधी कोच आईबापांना बोलावतो आणि पोरगी कुठे आहे ते सांगतो. नवऱ्याची मीटिंग होती, मी एकटीच गेले. कोचनं दोघींचे गुण दाखवणारा टॅब्लेट माझ्याकडे वळवला. स्केटिंगमध्ये माझी लेक वर. पासमध्ये वर. खेळ ओळखण्यात तर खूपच वर. फटक्यात खाली. मी मनात म्हटलं, चला, झालं काम. तेवढ्यात त्यानं बोटानं पान सरकवलं. शेवटचा रकाना होता पोटेन्शियलचा. म्हणजे पुढे जाऊन ही पोरगी काय होईल. तिथे उंच पोरगी कुठल्या कुठे वर आणि माझी लेक तळाला.

"हे कशावरून ठरवलं?" मी विचारलं.

तेव्हा त्यानं तो घराण्याचा प्रश्न विचारला. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. म्हटलं, "ही बघा मी. नवरा माझ्याहून चार बोटं उंच. आजी, आजोबा, मामा, सगळे असेच. पुढे बोला."

तो बिचारा लाल झाला. म्हणाला, बसा, बसा. मग समजावून सांगायला लागला. तुमची मुलगी आज जे करते ते उत्तमच आहे. पण तिच्या वाढीला आता फारशी जागा नाही. दुसरी मुलगी आज कच्ची आहे, पण दोन-तीन वर्षांत तिची पोच, तिची ताकद कुठल्या कुठे जाईल. आम्हाला पुढचं बघावं लागतं.

"पण मुलींच्या हॉकीत अंगावर आदळायला परवानगीच नाही," मी म्हटलं. "मग उंचीचं काय लोणचं घालायचं?" लोणच्याचं मी इंग्रजीत कसं सांगितलं ते विचारू नका. त्याला कळलं एवढं खरं.

तो म्हणाला, "हे बघा, शी इज व्हेरी डिपेंडेबल."

आणि तिथे माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण हा शब्द मला पाठ आहे. मी एका औषध कंपनीत काम करते. दरवर्षी माझा बॉस मला हाच शब्द देतो. डिपेंडेबल. माझ्याशिवाय एकही फाइल पुढे सरकत नाही, सुट्टीवर गेले तरी फोन येतात. आणि वरची जागा निघाली की ती मिळते कुणाला? ज्याच्यात "पोटेन्शियल" दिसतं त्याला. तो नुकताच आलेला असतो, त्याचं काम मी शिकवलेलं असतं, पण तो मीटिंगमध्ये पाय पसरून बसतो आणि मोठ्यानं बोलतो. मी मान डोलावते आणि त्याच्यासाठी केक आणते. माझ्या बाबतीत हे मी चालवून घेतलं. नोकरी आहे, व्हिसाचे दिवस होते, घर होतं. पण तेरा वर्षांच्या पोरीला आत्तापासून तोच शब्द? अजिबात नाही.

मी म्हटलं, "मला रीचेकिंग पाहिजे."

"काय पाहिजे?"

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. बोर्डाचा निकाल लागतो, एखाद्या विषयात मार्क अपेक्षेपेक्षा कमी पडतात, आणि घरात दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी म्हणतं, रीचेकिंगला टाका. बारावीला माझा फिजिक्सचा पेपर बाबांनी टाकला होता. शेजारचे म्हणाले, कशाला, आहेत ते कमी होतील. बाबा म्हणाले, होऊ देत. शेवटी उत्तर आलं, गुणांत बदल नाही. बाबा पेपरातल्या बातमीसारखं ते उत्तर मोठ्यानं वाचून म्हणाले, "ठीक आहे. आपण विचारलं, एवढं त्यांना कळलं." माझ्या रक्तातच आहे ते. मला वाटलं, जगात सगळीकडे अशी सोय असणारच.

कोचला मी नीट समजावून सांगितलं. दुसरा परीक्षक आणा. ज्यानं या मुलींना कधी पाहिलेलं नाही असा. त्याच्यासमोर पुन्हा खेळवा. कोच म्हणाला, असं आजवर कुणी मागितलेलं नाही. मी म्हटलं, मग आज मागितलं. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. शेवटी म्हणाला, "येत्या शनिवारी सकाळी बर्फ रिकामा आहे. दोघींना बोलावतो."

मी विजयी मुद्रेनं गाडीत बसले. त्याच्या शेवटच्या वाक्यातला "दोघींना" हा शब्द माझ्या कानावरून गेला, डोक्यात शिरला नाही.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा इंजिनियर. त्याला राग यायच्या आधी फॉर्म्युला सुचतो. त्यानं इंटरनेटवरून आईबापांच्या उंचीवरून मुलीची उंची काढायचं गणित शोधलं, केलं, आणि खिन्न चेहऱ्यानं म्हणाला, "कोचचं फारसं चूक नाही गं." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो लॅपटॉप घेऊन वर गेला. पण दुसऱ्या दिवशी पठ्ठ्यानं बेसमेंटच्या दारात लोखंडी दांडी ठोकली. लोंबकळायला! लहानपणी पुण्याला त्याच्या वडलांनी त्यालाही असंच लोंबकळवलं होतं म्हणे. मी म्हटलं, "आणि त्याचा काय उपयोग झाला ते समोर दिसतंय." तरी लेकीनं शाळेत जायच्या आधी लोंबकळायला सुरुवात केली. मी चहा घेऊन खाली गेले तर पोरगी डोळे मिटून, दात आवळून, हात ताणून लटकलेली. जी पोरगी बर्फावर एका क्षणात कुणाचाही पक काढून घेते, ती इथे दारात वाळत घातलेल्या टॉवेलसारखी लटकते आहे, कशासाठी, तर आईबापांची हाडं छोटी पडली म्हणून. मी स्क्रूड्रायव्हर आणला आणि दांडी काढून टाकली. दाराला भोकं राहिली. राहू देत.

"मग मी काय करू?" लेकीनं विचारलं. तिचं बोलणं बहुतेक इंग्रजीत, मी मराठीत लिहितेय.

"काही करू नकोस. शनिवारी खेळ," मी म्हटलं, आणि तिला रीचेकिंगचं सांगितलं. मला वाटलं, पोरगी गळ्यात पडेल.

ती म्हणाली, "यू डिड व्हॉट?"

मी परत सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तिलापण परत ट्राय करावं लागणार? तिला तर कोचनं ऑलमोस्ट हो म्हटलंय, आई! तिच्या मॉमनं सगळ्यांना सांगितलंय!"

तेव्हा कुठे "दोघींना" माझ्या डोक्यात शिरलं. बोर्डाच्या रीचेकिंगमध्ये आपला पेपर काढतात, शेजारणीचा नाही. इथे एकच जागा होती, माझी पोरगी वर गेली तर तिची खाली यायलाच हवी होती. एवढं साधं गणित मला सुचलं नव्हतं. पण मी माघार घेणारी नाही. म्हटलं, "येऊ दे की तिला. ती चांगली असेल तर पुन्हा चांगलीच ठरेल. तुझ्यावर अन्याय झालाय, तो आधी बघ."

"तू तिला सांगणार आहेस की मी सांगू?"

मी काही बोलायच्या आत तिनं फोन उचलला आणि खोलीत गेली. दार लावून घेतलं. बऱ्याच वेळानं बाहेर आली, डोळे लाल. म्हणाली, "ती रडली. मग म्हणाली ओके. आय एम गोइंग टु प्ले, आई. मला ती जागा पाहिजे. पण शनिवारी तू कुणाशी काही बोलायचं नाहीस. प्रॉमिस?" मी मान हलवली. मला ती जागा पाहिजे, हे तिनं ज्या आवाजात म्हटलं ना, त्यानंतर मला कुणाची पर्वा राहिली नाही.

शनिवारी दुसऱ्या गावाहून एक परीक्षक बाई आल्या. करड्या केसांच्या, गळ्यात शिट्टी. कुणाची नावं सांगितली नाहीत, पाठीवरचे नंबर फक्त. दोघींसोबत बाकीच्या दहाबारा पोरी खेळायला बोलावल्या होत्या. उंच पोरीची आई माझ्यापासून चार बाकं लांब बसली. एरवी आम्ही एकच पांघरूण घेऊन बसायचो. मी थर्मास दाखवला, तिनं मान हलवून नको म्हटलं. ठीक आहे, म्हटलं, तुझ्या जागी मी असते तर मीही नको म्हटलं असतं.

खेळ सुरू झाला आणि उंच पोरीचं सगळंच चुकायला लागलं. पहिला पास थेट समोरच्या मुलीच्या काठीवर. दुसरा फळीवर. तिचं तोंड जाळीतूनही पांढरं दिसत होतं. माझ्या मनात काय आलं ते सांगते, लपवायचं काय त्यात. मला बरं वाटलं. आणि नेमकं तेव्हा माझी लेक सरकत तिच्याजवळ गेली, काठीनं तिच्या नडगीवरच्या पॅडवर दोनदा टकटक केलं आणि कानाशी काहीतरी बोलली. पुढचा पक उंच पोरीनं खाली न बघता दिला. आणि तो सरळ गेला. मला काचेवर मुठी आपटून ओरडावंसं वाटलं, अगं बये, तू तुझं बघ ना! पण प्रॉमिस केलं होतं. ओठ आवळून बसले.

त्या दिवशी दोघी अशा खेळल्या की मला आजही समोर दिसतं. उंच पोरगी एकदा सुटली ती सुटलीच. तिचा एक फटका गोलकीपरच्या खांद्यावरून जाळीत गेला तेव्हा परीक्षक बाईंच्याही भुवया वर गेल्या. आणि माझी लेक? तिच्या बाजूनं एकही पोरगी गोलपर्यंत पोचली नाही. एकही नाही. एक दांडगी मुलगी पुन्हा पुन्हा तिच्याच अंगावर येत होती, बहुतेक बुटकी बघून. प्रत्येक वेळी लेकीनं पक काढून घेतला आणि ती मुलगी नुसतीच फळीकडे घसरत गेली. शेवटी त्या मुलीनं बाजूच बदलली. मी मनात म्हटलं, बाई गं, आता तरी बघा.

पोरी कपडे बदलायला गेल्या. थोड्या वेळानं कोचनं मला आणि लेकीला वर बोलावलं. परीक्षक बाईही होत्या. त्याच म्हणाल्या, मी मोकळेपणानं सांगते. आज या बर्फावर सगळ्यात चांगली डिफेन्सवाली तुमची मुलगी होती, त्यात शंका नाही. माझा जीव भांड्यात पडायला लागला. मग त्या म्हणाल्या, पण मला विचारलंय ते आजचं नाही. तीन वर्षांनंतर कोण, असं विचारलं तर मला दुसरीला घ्यावं लागेल. सॉरी.

गुणांत बदल नाही.

लेक खुर्चीत बसून हातातल्या ग्लोव्हची शिवण उसवत राहिली. मला तिच्याकडे बघवेना. मी तोंड उघडलं होतं, चांगलं सुनावणार होते, तीन वर्षांनंतरचं तुम्हाला स्वप्नात दिसतं का म्हणून. तेवढ्यात कोच पुढे वाकला. म्हणाला, "आम्हाला तिला गमवायचं नाही. एक मार्ग आहे. ती ए टीमबरोबर प्रॅक्टिस करेल. सगळ्या प्रॅक्टिस. कपडे, जर्सी, सगळं ए टीमचं. प्रवासाला येईल. मॅच मात्र डिफेन्सची एखादी मुलगी जखमी झाली तरच खेळेल."

खरं सांगते, माझा चेहरा खुलला. आपल्या लोकांना वेटिंग लिस्टची सवय असते. कॉलेजची अॅडमिशन म्हणा, ग्रीन कार्ड म्हणा, रांगेत नंबर लागला की आपण अर्धी लढाई जिंकलो असं समजतो. दारात पाय तरी शिरला. पुढचं पुढे. मी कोचला थँक्यू म्हटलंसुद्धा. मग लेकीकडे वाकून मराठीत हळूच म्हटलं, "हो म्हण. एकदा आत शिरलीस की मग कोण काढतंय बघू. तुझा खेळ दिसेल ना त्यांना रोज."

लेकीनं कोचकडे बघून विचारलं, "बी टीममध्ये मी किती खेळेन?"

"जवळजवळ सगळा वेळ," कोच म्हणाला. "पण विचार कर. तिथे तुला बघायला कुणी येणार नाही."

मी टेबलाखालून तिच्या गुडघ्याला हात लावला. हो म्हण, हो म्हण. मग ती माझ्याकडे वळली आणि मराठीत बोलली. तिचं मराठी अडखळतं, मंडळातली मुलं हसतात तिला. पण तिला ते कोचला कळायला नको होतं, म्हणून ती मराठीत बोलली.

"आई, डिफेन्सला कोण कोण आहे? तीपण ना? म्हणजे ती पडली तर मी खेळणार. मग मी काय करायचं, रोज बाकावर बसून विश करायचं, की तिचा पाय मोडू दे? मला नाही तसं बसायचं. मी नाही तिच्या पडण्याची वाट बघणार."

माझा हात तिच्या गुडघ्यावरच राहिला. सकाळी काचेमागे बसून मी काय विश केलं होतं, ते मला ठाऊक होतं.

"काय म्हणाली ती?" कोचनं विचारलं.

मी लेकीकडे बघितलं. तिनं खांदे उडवले. मग मी सांगितलं. एक शब्द गाळला नाही, एक शब्द गोड केला नाही. परीक्षक बाईंनी चष्मा काढला आणि खाली बघत बसल्या. कोच काहीतरी म्हणायला लागला, की असा कुणाचाच हेतू नव्हता वगैरे. मी म्हटलं, "असेल. पण ती वाट बघणार नाही. तिला बीमध्ये घाला. आणि तीन वर्षांनंतरचं आम्हाला आता कुणी सांगू नका. ती येईल तेव्हा येईल, तिच्याच पायांनी."

लेक उठली. तिच्या अंगापेक्षा मोठी ती हॉकीची बॅग तिनं खांद्यावर चढवली. मी हात पुढे केला तर झटकला.

"चल ना, आई," ती म्हणाली. "ती खाली कधीची थांबलीय माझ्यासाठी."